एकोणीस मुद्द्यांचा अभिप्राय

ताईचं म्हणणं साधं होतं. जादू फुकट मिळता कामा नये. कांडी फिरवली आणि राजवाडा उभा राहिला, तर त्याच्या विटा कुणाच्या तरी अंगणातून गेल्या असल्या पाहिजेत, आणि गोष्टीने पुढे केव्हातरी त्या अंगणात पाऊल टाकलं पाहिजे. नाहीतर ती गोष्ट नव्हे, थाप.

अकरा वर्षं ती हे सांगत होती. आठवडाभर ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची आणि रविवारी मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका लहानशा प्रकाशनासाठी हस्तलिखितं वाचायची. पऱ्या, उडती गावं, बोलणारे लांडगे, डोंगराच्या पोटातली राज्यं असं सगळं तिच्या टेबलावर यायचं. चौकटीच्या वहीत डाव्या पानावर ती त्या जगाचे नियम लिहून काढायची आणि उजव्या पानावर ते कुठे कुठे मोडले ते. मग मुद्द्यांना क्रमांक देऊन अभिप्राय पाठवायची. एक घाव दोन तुकडे.

संपादक साठीला आलेले, बिस्किटांचे शौकीन. ते तिला ‘बाई’ म्हणायचे आणि तिच्याशी भांडल्याशिवाय त्यांना रविवार सरल्यासारखा वाटायचा नाही.

“बाई, या पोरीला राज्य मिळालं तर तुमचं काय जातं?”

“माझं काय जाणार? पण सोळा वर्षांची पोर सैन्य चालवते, तीन भाषा बोलते, दोन राजपुत्र तिच्यासाठी झुरतात, आणि चारशे पानांत एकदाही तिचं पोट दुखत नाही, आईचा राग येत नाही. ही पोर नाही, कॅलेंडरवरचं चित्र आहे.”

“खपतं हो.”

“खपू दे की. तुम्ही मत विचारलंत, मी दिलं.”

“आणि ही भविष्यवाणी? ती तरी ठेवू ना?”

“‘नवव्या घराण्यातला नववा मुलगा जग वाचवेल.’ असं पहिल्याच पानावर लिहून टाकलंय. मग बाकीच्या आठ पोरांनी काय करायचं? माशा मारायच्या?”

संपादक पोट धरून हसायचे आणि हस्तलिखित नाकारायचे.

पण लहान मुलांच्या गोष्टी आल्या की ताई हसायची नाही. तिथे ती दुप्पट कडक. मोठ्यांना फसवलं तर मोठे विसरतात, म्हणायची. मूल विसरत नाही. आठव्या वर्षी ज्याने गोष्टीत मेलेला कुत्रा शेवटच्या पानावर जिवंत झालेला वाचला, तो स्वतःचा कुत्रा मेल्यावर महिनाभर दाराशी वाट बघत बसतो. ही लबाडी कुणी केली? लेखकाने.

नावं झाकायची पद्धतही तिनेच आणली होती. प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटलीवर फक्त क्रमांक असतो. पाणी कुठल्या विहिरीचं, कुणाच्या नळाचं, हे तपासणाऱ्याला ठाऊक असलं की हात नकळत झुकतो, असं ती म्हणायची. म्हणून संपादक पहिल्या पानावरच्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी डकवायचे आणि नाव-पत्त्याचा कागद खणात ठेवायचे. पुस्तक छापायचं ठरलं, तरच तो ताईसमोर यायचा. ताईला या पद्धतीचा अभिमान होता. चारचौघांत, घरी, बहिणीकडे, सगळीकडे तिने ती कौतुकाने सांगितली होती.

बहीण धाकटी, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसायची. तिचा एकुलता एक मुलगा सतत काहीतरी गुणगुणत असायचा, म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणायचे. प्रकाशनाकडून मिळालेली जास्तीची पुस्तकं ताई त्याला नेऊन द्यायची आणि मग मावशी-भाच्याची जुंपायची.

“मावशी, नियम असले तर ती जादू कसली? ती शाळा झाली.”

“शाळेत नसतील इतके नियम जादूत लागतात, भुंग्या.”

“मग मला नको तुझी जादू. मी साधीच आणतो.”

“साधी म्हणजे?”

“म्हणजे हवं ते होतं ती!”

भुंगा नवव्या वर्षी गेला. रक्ताचा आजार, आठ महिने. त्या आठ महिन्यांत ताईने एक दिवस चुकवला नाही. प्रयोगशाळा सुटली की थेट दवाखान्यात. कॉटशेजारच्या स्टुलावर बसून ती रिपोर्ट वाचायची, आधीच्या रिपोर्टांशी ताडून बघायची, आणि धाकटीला व तिच्या नवऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायची. पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी, सगळे आकडे तिला दशांशासकट पाठ. शेवटी शेवटी डॉक्टर “बघू या, बघू या” म्हणायला लागले, तेव्हा तिनेच धाकटीला गलरीच्या टोकाला नेलं आणि सांगितलं, “आता उपयोग नाही गं.” धाकटी बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं झालं सांगितलंस. बाकी कुणी सांगितलं नसतं.”

पुढे दोन वर्षं दोघी बहिणी भेटायच्या, चहा व्हायचा, बोलणं व्हायचं. भुंग्याचा विषय निघायचा नाही. ताईला वाटायचं, न काढणंच बरं. जखमेवरची खपली कशाला उचकटा.

मग गेल्या वर्षी हस्तलिखित क्रमांक सत्तेचाळीस आलं. दोनशे बारा पानं, नावावर पट्टी. एका तळ्याखाली एक राज्य आहे. गेलेली माणसं तिथे राहतात. एक मोठी बहीण आपल्या लहान भावाला परत आणायला त्या तळ्यात उतरते. भाषा स्वच्छ होती, तळ्याचं वर्णन तर ताईला दोनदा वाचावंसं वाटलं. पण तिसाव्या पानावर नियम दिला होता, की या राज्यात आलेला परत जात नाही. आणि शेवटच्या प्रकरणात बहीण भावाचा हात धरून सरळ पाण्याबाहेर येते. कशाच्या बदल्यात? कशाच्याच नाही.

ताईने एका बैठकीत अभिप्राय लिहिला. एकोणीस मुद्दे. भाऊ फार पसरट झालाय, असं तिचं मत पडलं. चौथ्या मुद्द्यात तिने लिहिलं: “मुलगा जेवताना शेवटचा घास ताटाच्या कडेला ठेवतो. हे चार वेळा येते. कथेत उपयोग नाही. काढावे.” सातव्यात: “झोपताना तो एक पाऊल भिंतीला टेकवतो. कारण दिलेले नाही. काढावे.” अकराव्यात: “औषध घेण्याआधी तो चमच्याला नमस्कार करतो. विनोद म्हणून कमकुवत.” आणि एकोणिसावा: “शेवटी मुलगा परत येतो. लेखकाने आपला नियम आपणच मोडला आहे. ही वाचणाऱ्या मुलांची फसवणूक आहे. लेखकाला मुलाचा मृत्यू सहन होत नाही असे दिसते. ते त्याने कथेबाहेर सोडवावे.”

हस्तलिखित नाकारलं गेलं. अभिप्रायाची प्रत नेहमीप्रमाणे, परीक्षकाच्या नावाशिवाय, लेखकाकडे गेली. ताईने ते काम हातावेगळं केलं आणि ती ते विसरून गेली.

सात महिन्यांनी, एका रविवारी, संपादक तिची वाट बघत दारातच उभे होते.

“बाई, आज पेढे तुम्ही द्यायचे की मी? अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुमचं ऐकलंय!”

“म्हणजे?”

“तळ्याखालचं राज्य. आठवतं? लेखिकेने पुन्हा लिहून पाठवलंय. एकोणीसच्या एकोणीस मुद्दे! एकही सोडला नाही. मी अभिप्राय शेजारी ठेवून वाचलं. काय उतरलंय हो! छापतोय मी. तुम्ही एकदा नजर टाका, फॉर्मवर सही करा, की झालं.”

“लेखिका? बाई आहेत?”

“हो. आता पट्टीची गरज नाही,” असं म्हणत त्यांनी खणातला कागद तिच्यासमोर सरकवला.

नाव धाकटीचं होतं. सासरचं आडनाव, घराचा पत्ता, दुकानाचा फोन नंबर. अक्षरही तिचंच.

ताईने कागद वाचला, पुन्हा वाचला. रिपोर्टवरचा आकडा चुकीचा वाटला की ती बाटलीवरचा क्रमांक पुन्हा बघायची, तसं तिने हस्तलिखितावरचा क्रमांक बघितला. सत्तेचाळीसच. मग तिला ताटाच्या कडेचा घास आठवला. भुंग्याचा म्हणून नव्हे. चौथा मुद्दा म्हणून. तिने डोळ्यांसमोर दवाखान्यातला ट्रे आणायचा प्रयत्न केला. ट्रे आला, त्यावर ठेवलेला रिपोर्ट आला. घास दिसेना.

“पहिली प्रत कुठे आहे?”

“कुठली?”

“आधीची. मी वाचलेली. नाकारलेली.”

“अहो, ती कधीच पाठकोऱ्यात गेली.” संपादकांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट केलं. नाकारलेली हस्तलिखितं ते टाकून देत नसत. कागदाच्या कोऱ्या पाठीवर नव्या पुस्तकांची मुद्रितं काढत, आणि ती तपासून झाली की रद्दीत. ताई गुडघ्यांवर बसली आणि तिने तो अख्खा गठ्ठा उपसला. लांडगे निघाले, राजपुत्र निघाले, नवव्या घराण्यातला नववा मुलगाही निघाला. तळं कुठे निघालं नाही.

“बाई, काय झालं? चूक झालीय का काही?”

“हो,” ताई म्हणाली. “सही मी उद्या करते.” आणि नवीन हस्तलिखित काखेत मारून बाहेर पडली.

धाकटीने दार उघडलं, ताईच्या काखेतला गठ्ठा बघितला आणि बाजूला झाली.

“ये. कळलं वाटतं.”

घरात ती एकटीच होती. गलरीत कपडे वाळत होते. टेबलावर पुसलेले चष्मे ओळीने मांडलेले. दुकानाचं काम ती घरी आणायची.

“तू मला सांगायचं होतंस,” ताई म्हणाली. उभ्याउभ्याच.

“बस आधी. काय सांगायचं होतं?”

“की तुझं आहे म्हणून.”

“मग तू वाचलंच नसतंस. म्हणाली असतीस, नियमात बसत नाही. पट्टी तूच आणलीस ना? किती वेळा सांगितलंयस. नाव दिसलं की हात झुकतो.” धाकटी बसली. “म्हटलं, बघू या, न झुकता काय म्हणते.”

“तू लिहितेस हेच मला माहीत नव्हतं.”

“मलाही नव्हतं. तो गेल्यावर दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसायला लागले. दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. एकेक पान.” ती जराशी हसली. “खरं सांगू? मला वाटलं होतं, तू पाचव्या पानावर फोन करशील. घासाच्या पानावर. तो आठवडा दुकानात फोन वाजला की माझ्या हातातलं भिंग खाली यायचं. मालक म्हणाले, काय हो, जावई येतोय का?”

ताईने काखेतला गठ्ठा टेबलावर, चष्म्यांच्या कडेला ठेवला.

“गुणगुणणं मी मुद्दाम घातलं नाही. ते काय, सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. म्हटलं, ताई आतलं ओळखेल. ती रोज होती.”

“मी रिपोर्ट बघत होते,” ताई म्हणाली.

“हो ना. तेही कुणीतरी बघायलाच हवे होते.”

“चमच्याला नमस्कार…”

“तुझ्यासमोरच करायचा तो. तुला हसवायला. तू मान वर केलीस की अजून एकदा करायचा. तू म्हणायचीस, ‘पटकन घे, वेळ चुकते.’”

धाकटीच्या आवाजात राग असता तर ताईला तो झेलता आला असता. तो नव्हताच. डोळे तपासताना ती गिऱ्हाइकाला ‘आता कसं दिसतंय? आणि आता?’ असं विचारायची, त्याच सपाट, मऊ आवाजात ती बोलत होती.

“माफ कर गं मला. तो शेवटचा मुद्दा…”

“‘लेखकाला मुलाचा मृत्यू सहन होत नाही असे दिसते. ते त्याने कथेबाहेर सोडवावे.’” धाकटीने शब्द न् शब्द म्हणून दाखवला. “वाचल्यावर दोन दिवस झोपून होते. मग वाटलं, खरं आहे. तू कधी खोटं बोलत नाहीस. तेव्हाही बोलली नाहीस.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“वेगळी कशी? तेव्हाही तू तेच सांगितलंस. आणि तुझंच बरोबर निघालं.”

“मला पहिलं दे. जुनं. मी संपादकांना सांगते, तेच छापा. मी लिहून देते की माझी चूक झाली.”

“जुनं नाही आता. त्याच फाइलवर काम केलं. एक मुद्दा झाला की पेन्सिलीने खूण, मग पुढचा. आधी घास काढला. मग भिंत काढली. चमचा काढताना जरा वेळ लागला.”

“मग पुन्हा लिही. तुला पाठ असेल.”

“बसले होते की.” धाकटीने एक चष्मा उचलला, प्रकाशात धरला, परत ठेवला. “पूर्वी मी तळ्यात उतरले की तो यायचा. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास, पण यायचा. आता उतरले की तू विचारतेस, कशाच्या बदल्यात? मी म्हणते, काहीही घ्या. तू म्हणतेस, पान तीसवर काय लिहिलंय ते बघा. तोवर सुट्टी संपते.” मग ती उठली. “तू वाच. मी कपडे काढून आणते. वाळले असतील.”

ताई वाचायला बसली. चष्मा लावला, पान उलटलं. संपादक खरं बोलले होते. कुठे एक वाक्य जास्त नव्हतं. मुलगा आता फक्त मुलगा होता. तो जेवायचा, झोपायचा, औषध घ्यायचा. कुठल्याही घरातला, कुठलाही. शेवटी बहीण एकटीच वर येते, तिच्या केसांतून पाणी गळतं, आणि काठावर तिच्या चपलांचा जोड तसाच असतो. ताईला हवा होता तसा शेवट. वाचणाऱ्या मुलाची कुठे फसवणूक नव्हती.

नवीन अशी एकच गोष्ट होती. तळ्याच्या तळाशी आता एक बाई बसलेली होती, राज्याच्या दाराशी. दुष्ट नव्हती ती. आवाज चढवत नव्हती, कुणाला हाकलत नव्हती. कुणी आलं की चष्मा कपाळावरून केसांत सरकवायची आणि थोड्या वेळाने तोच चष्मा सगळीकडे शोधत बसायची. वाचणारी मुलं तिथे हसणार होती. बहीण तिला विचारते, “माझा भाऊ इथे आला, तुम्ही पाहिलंत का हो त्याला?” बाई आपुलकीने म्हणते, “क्रमांक सांग ना. आलेल्या प्रत्येकाचा क्रमांक मला पाठ आहे.” बहीण म्हणते, “क्रमांक माहीत नाही. पण तो हसला की…” आणि बाई म्हणते, “ते नको. त्याने गोंधळ होतो.”

ताईचा हात आपोआप डोक्याकडे गेला. चष्मा नाकावरच होता.

स्वतःला ओळखायला तिला अर्धं पानही लागलं नव्हतं.

धाकटी कपड्यांचा ढीग घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीवर बसून घड्या घालायला लागली. “झालं?”

“झालं.”

“काही चूक राहिलीय का?”

तिने हे खरोखरीच विचारलं होतं. ताईला ते दिसलं आणि तिचा जीव घाबरला. आता ती जे म्हणेल, ते धाकटी करणार होती. हे वाईट आहे म्हटलं, तर पुसून टाकणार. बाई काढ म्हटलं, तर बाई काढणार, पेन्सिलीने खूण करणार. आयुष्यात पहिल्यांदा ताईला खोटं बोलायचं होतं, आणि कोणतं खोटं बोललं तर भुंगा परत त्या पानांत येईल हे तिला कळत नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “चूक नाही.”

“मग कर ना सही. संपादकांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला.”

ताईने हस्तलिखितात ठेवलेला फॉर्म काढला. ‘प्रकाशनयोग्य’ समोर खूण केली. सही केली, तारीख घातली. धाकटीने मान वळवून ती खूण बघितली, जशी परीक्षेला बसलेली मुलगी बघते, आणि पुन्हा घड्यांकडे वळली.

“त्या पहिल्यात,” ताई म्हणाली. “तो वर येतो ना, हात धरून. पाण्याबाहेर आल्यावर काय म्हणतो तो? काहीतरी म्हणतो. पहिलंच वाक्य.”

“तू वाचलं होतंस ना?”

“वाचलं होतं.”

“मग?”

“मी लिहून घेतलं नाही. ‘मृत पात्र परत येते’ एवढंच लिहिलं.”

धाकटीचे हात थांबले. तिच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. ताईला ते येताना दिसलं. एका क्षणासाठी धाकटीचा चेहरा तीन वर्षांपूर्वीचा, नव्हे, त्याच्याही आधीचा झाला. मग तिने ओठ मिटले. मांडीवरचा टॉवेल उचलला, कडेला कड जुळवली.

“सांगेन कधीतरी,” ती म्हणाली. “आज नको.”

ताईने ढिगातला एक कपडा ओढून घेतला आणि तीही घड्या घालायला लागली. धाकटीने तिची घडी उकलली आणि पुन्हा नीट घातली.